ब्रेक लावतांना गाडीस होणारी थरथर व तिची चिकित्सा

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारांत बैलगाडीच्या जागीं आतां पिकअप गाडी उभी असते. ती बहुधा नवी नसते. कोणी सात-आठ वर्षें चाललेली गाडी विकत घेतो, कोणाची घरचीच बारा वर्षांची असते. आणि टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, खत, पेंड, प्रसंगीं गाय-वासरूं, अशी सगळी ने-आण तिच्यावरच चालते. अशा गाडीसंबंधानें एक तक्रार वारंवार ऐकूं येते ती ही कीं, वेगांत असतां ब्रेक लावला म्हणजे स्टेअरिंग हातांत थरथरूं लागतें, किंवा पायाखालचें पेडल धडधडतें, किंवा सगळा सांगाडाच हालतो. तक्रार ऐकतांच कारागीर ‘डिस्क आउट झाली’ असें निदान करितो, डिस्क उतरवून लेथवर घासून आणितो, आणि थरथर खरोखरच जाते. पुढें तीन-चार महिन्यांनीं ती परत येते. मग पुन्हां लेथ, शेवटीं नवी डिस्क. आणि नव्या डिस्कवरही तोच प्रकार. यांत कारागिराची लबाडी असते असें नाहीं. डिस्क बिघडलेली असते हें खरें. पण ती कां बिघडली हें कोणी विचारीत नाहीं, म्हणून तें कारण गाडींत तसेंच राहतें. तें कसें शोधावें, व त्या शोधाचा किती भाग मालकास स्वतः करितां येईल, हें येथें सांगावयाचें आहे.

बहुतेक पिकअप गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी; कॅलिपर नांवाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनीं पॅडांमध्यें दाबून धरितो. ड्रम म्हणजे बिडाचें पातेलेंच. त्याच्या आंत लायनर बसविलेले दोन अर्धगोल फांकतात व कडेस घासतात. पुढच्या चाकांत खोड असली तर ती मुख्यतः स्टेअरिंगमध्यें, म्हणजे हातांत जाणवते. मागची खोड बसावयाच्या जागेखालीं व पायाच्या पेडलांत जाणवते, आणि स्टेअरिंग त्या मानानें शांत असतें. हा नियम सोळा आणे खरा ठरतो असें नाहीं, पण शोधाचा आरंभ येथूनच करावा.

परीक्षा रिकाम्या गाडीवर, कोरड्या, सरळ व सपाट रस्त्यावर, मागेंपुढें वाहन नसतांना करावी. आधीं चारही टायरांतली हवा सारखी करून घ्यावी. नंतर गाडी ६० किलोमीटरच्या वेगावर न्यावी व ब्रेक न लावतां थोडें अंतर जाऊं द्यावी. तेव्हांही ती थरथरत असेल तर ब्रेकला दोष देण्याचें कारण नाहीं; टायरला आलेला फुगवटा, वांकलेली रिम किंवा चाकाचें बिघडलेलें संतुलन यांपैकीं कांहीं तरी असतें. ब्रेकवर पाय हलका ठेवतांच थरथर सुरू होत असेल तर मात्र तिची लय ध्यानांत घ्यावी. ६० च्या वेगांत पिकअपचें चाक सेकंदास सुमारें सात वेळां फिरतें. ३० वर आल्यावर साडेतीन वेळां. वेग उतरत जातांना थरथरीची लयही तशीच मंद होत गेली, तर खोड चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूंत आहे हें निश्चित झालें. ज्या गाड्यांत ए.बी.एस. नांवाची योजना असते, त्यांत एकदम जोरानें ब्रेक दाबल्यास पेडल धडधडतें. तो तिचा धर्मच आहे, रोग नव्हे.

आतां हँडब्रेकची परीक्षा. हँडब्रेक बहुतेक पिकअपांत केवळ मागच्या चाकांवर चालतो, म्हणून ती फार उपयोगाची आहे. ३०-४० च्या वेगांत, पेडलाला पाय न लावतां, हँडब्रेकची कळ अंगठ्यानें दाबून धरावी व दांडा हळूहळू ओढावा. कळ सोडूं नये, म्हणजे चाकें अडकण्याचा संभव वाटतांच दांडा परत सोडतां येतो. याही वेळीं थरथर झाली तर मागचे ड्रम वाटोळे राहिलेले नाहींत. ती झाली नाहीं, तर संशय पुढच्या चाकांवर जातो. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असे. ज्यांच्याकडे अद्याप तशी गाडी आहे त्यांनीं चालत्या गाडींत तो ओढूं नये. शाफ्टचे क्रॉस व गिअर यांस झटका बसतो.

याच्या पुढचा प्रश्न कारागीर क्वचितच विचारतात, व आमच्या मतें निम्मी चिकित्सा त्यांतच आहे. थरथर केव्हांपासून सुरू झाली? पंक्चर काढल्यानंतर दुसऱ्याच दिवशीं सुरू झाली असेल, तर आधीं चाकाचे नट पाहावे. पंक्चरच्या दुकानांत हवेच्या यंत्रानें एक नट अतिशय घट्ट व दुसरा सैल असा आवळला जातो. त्या असमान ताणानें डिस्क आपल्या बैठकीवर किंचित् तिरपी होते. सर्व नट सैल करून समोरासमोरचे आळीपाळीनें, दोन-तीन फेऱ्यांत, हातपान्यानें सारखे आवळावे व ५०-६० किलोमीटर चालल्यावर पुन्हां पाहावे. पुष्कळ थरथरी एवढ्यानेंच जातात आणि खर्च कांहींच होत नाहीं. गाडी पावसाळाभर उभी राहिल्यानंतर सुरू झाली असेल, तर पॅडाच्या आकाराचा गंजाचा डाग डिस्कवर उमटलेला असतो. हलका असला तर थोड्या दिवसांत घासून जातो, खोल असला तर जात नाहीं. घाट उतरून आल्यावर सुरू झाली असेल, तर उष्णतेची चौकशी करावी. आणि नवी डिस्क बसवून कांहीं हजार किलोमीटर झाल्यावर सुरू झाली असेल, तर डिस्क बसवितांनाच ती लंगडी बसली, असें धरून चालावें.

हें शेवटचें थोडें फोडून सांगितलें पाहिजे. कुंभाराच्या चाकावर मातीचा गोळा मध्यावर बसला नाहीं म्हणजे तो फिरतांना कसा लंगडतो, हें सर्वांनीं पाहिलें आहे. हबच्या बैठकीवर गंजाचा पापुद्रा राहिला आणि त्यावर डिस्क आवळली, तर ती तशीच लंगडते. हें लंगडणें एक मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकें, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढें असलें तरी पुरे होतें. आरंभीं कांहींच जाणवत नाहीं, कारण डिस्कची जाडी सर्वत्र सारखीच असते व कॅलिपर तिच्याबरोबर थोडा सरकतो. परंतु ब्रेक न लावतां गाडी चालत असते तेव्हां डिस्कचा तोच उंच भाग प्रत्येक फेऱ्यास पॅडाला चाटून जातो. हजारों फेऱ्यांत तेथें डिस्क पातळ होते. मग ब्रेक लावला कीं पॅड जाड भागावर ढकललें जातें आणि पातळ भागावर आंत येतें. तोच धक्का तेलांतून पेडलास व सांध्यांतून स्टेअरिंगला पोंचतो. जाडींतला फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका झाला तरी हातास कळतो. लेथवर ही जाडी सारखी होते, म्हणून थरथर थांबते. पण हबवरचा गंज तसाच, डिस्क पुन्हां तशीच लंगडी बसते, आणि घासण्याचा तोच क्रम नव्यानें सुरू होतो.

म्हणून डिस्क उतरविण्यापूर्वीं ती गाडीवरच मोजून घेण्याचा आग्रह मालकानें धरावा. त्यासाठीं डायल गेज लागतें. हें उपकरण लेथवाल्याकडे बहुधा असतेंच. एका नव्या डिस्कच्या किंमतीपुढें त्याचें मोल फार नाहीं, म्हणून चार-पांच गाडीवाल्यांनीं मिळून एक घ्यावें असेंही आम्ही सुचवूं. चाक काढून डिस्क नटांनीं सारखी आवळावी, गेजचा कांटा तिच्या कडेपासून थोडा आंत टेकवावा व हातानें सावकाश एक फेरा द्यावा. कांटा मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षां जास्त फिरला तर डिस्क लंगडी आहे. कित्येक कारखाने याच्याहूनही कमी मर्यादा देतात, ती गाडीच्या पुस्तकांत पाहावी. नंतर उंच जागेवर खडूनें खूण करावी, डिस्क काढावी, हबची बैठक व डिस्कची आंतली बाजू तारेच्या ब्रशानें चकचकीत होईपर्यंत घासावी, आणि डिस्क एक भोंक पुढें फिरवून बसवावी. पुन्हां मोजतां लंगडणें नाहींसें झालें, तर दोष गंजाचा होता. उंच जागा खडूच्या खुणेबरोबर सरकली, तर दोष डिस्कचा. खूण सरकली पण उंच जागा हबच्या त्याच बोल्टाशीं राहिली, तर हब वांकला आहे, आणि अशा गाडींत दहा डिस्का बदलल्या तरी उपयोग व्हावयाचा नाहीं. कांहीं जुन्या गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टांनीं आवळलेली असते; तेथें हब उतरवावाच लागतो, व पुन्हां चढवितांना बेअरिंगचा ताण बरोबर ठेवणें हें अनुभवी माणसाचें काम आहे.

बेअरिंगांतला सैलपणा मात्र कोणासही पाहतां येतो. गाडी जॅकवर उचलावी, बाकीच्या चाकांना पुढें-मागें दगड लावावे, आणि सांगाड्याखालीं लांकडाचा भक्कम ठोकळा दिल्यावांचून केवळ जॅकवर विसंबून कोणीं गाडीखालीं शिरूं नये. उचललेलें चाक वर व खालीं धरून हालवावें. खटखट जाणवली, तर दुसऱ्या माणसास ब्रेकचें पेडल दाबावयास सांगून पुन्हां हालवावें. पेडल दाबतांच खटखट बंद झाली तर बेअरिंग सैल आहे; तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन झिजली आहे. चाक डाव्या-उजव्या बाजूंस धरून हालवितां सैल वाटलें, तर टायरॉडचे सांधे पाहावे. हे सांधे झिजलेले असले म्हणजे डिस्कमधील क्षुल्लक दोषही स्टेअरिंगपर्यंत मोठा होऊन येतो. जुन्या गाडींत डिस्क व सांधे असे दोन्ही अपराधी बहुधा एकत्रच सांपडतात. मागें पाट्यांचे यू-बोल्ट सैल असतील तर थरथरीपेक्षां धक्का जास्त जाणवतो. ते आवळून पाहणें हें दहा मिनिटांचें काम आहे.

आतां उष्णतेकडे वळूं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच डिस्का व ड्रम तिच्यामुळेंच खराब होतात. माल भरलेल्या गाडीचें एकूण वजन ३ टन व घाटाची उतरण ३०० मीटर धरूं. इगतपुरीहून कसाऱ्यास उतरतांना साधारण इतकीच उतरण होते. एवढ्या उतरणींत सुमारें ८८ लाख ज्यूल इतकी शक्ति मोकळी होते, आणि तितक्या उष्णतेनें ३० लिटर पाणी उकळीस येईल. हीच गाडी सपाट रस्त्यावर ६० च्या वेगांतून एकदां थांबविण्यास ४ लाख ज्यूलांच्या आसपास लागतात. म्हणजे एक घाट उतरणें हें लागोपाठ एकवीस वेळां गाडी थांबविण्यासारखें झालें. वाऱ्याचा व टायरांचा अडथळा यांतला कांहीं भाग घेतो. उरलेला इंजिनावर घालावयाचा कीं ब्रेकवर, हें चालकाच्या हातीं असतें. चढतांना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्यें उतरावें हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम यासाठींच आहे. डिझेल वांचविण्यासाठीं कित्येक जण गाडी न्यूट्रल करून सोडतात. यासारखी खोटी काटकसर दुसरी नाहीं. गिअरमध्यें असतां पाय काढून उतरलें तर इंजिनास डिझेल जवळजवळ लागतच नाहीं. इंजिन बंद करून उतरणें तर आत्मघात होय, कारण ब्रेकला साह्य करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो.

तापलेल्या डिस्कवर आणखी एक प्रकार घडतो. घाटाच्या पायथ्याशीं गाडी थांबवून चालक पेडल घट्ट दाबून उभा राहतो, किंवा टपरीसमोर उतरून हँडब्रेक ओढून चहास जातो. लालबुंद नसली तरी भाजण्याइतकी तापलेली ती डिस्क पॅडाखालीं झांकलेली राहते. पॅडाचा थर तेवढ्या जागीं चिकटतो व ती जागा निराळी होऊन बसते. मागचे ड्रम कढत असतां आंतून ताणलेले राहिले तर थंड होतांना वाटोळेपणा सोडण्याचा संभव असतो. उतरल्यावर चार-दोन किलोमीटर ब्रेक न लावतां चालवून वाऱ्यानें चाकें निवूं द्यावीं. थांबावें लागलेंच तर पहिल्या गिअरमध्यें ठेवून चाकाखालीं दगड लावावा. गरम चाकांवर पाणी मारणें किंवा लगेच ओढ्यांत गाडी धुण्यास घालणें कटाक्षानें टाळावें.

एकच चाक तापत असेल तर गोष्ट निराळी. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक बेतानें वापरून चालावें व प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा. लोखंडास हात लावूं नये. एक चाक दुसऱ्याहून स्पष्टपणें गरम असेल, तर तेथला ब्रेक सुटत नाहीं. तें चाक उचलून फिरवावें. जड फिरत असेल तर कॅलिपरची तेल सोडण्याची टोंटी किंचित् सैल करावी. तेल निघून चाक मोकळें झालें, तर दोष बहुधा आंतून सुजलेल्या रबरी नळीचा असतो. मोकळें झालें नाहीं, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकणाऱ्या पिना गंजून अडकल्या आहेत. पिना साफ करून ब्रेकसाठीं असलेलें खास ग्रीस लावणें एवढेंच कित्येकदां पुरतें. साधें ग्रीस लावल्यास रबर फुगतें. तेल सोडलें म्हणजे आंत हवा शिरूं न देतां तें पुन्हां भरलें पाहिजे. ज्यास हें येत नाहीं त्यानें टोंटीस हात लावूं नये.

याखेरीज एक कारण असें आहे कीं, तें मालकानें स्वतःच पैसे देऊन करवून घेतलेलें असतें. टोमॅटोचा एक क्रेट २० किलोंचा धरला तर ७५ क्रेट म्हणजे दीड टन. रिकाम्या क्रेटांचें वजन निराळेंच. नोंदणीच्या पुस्तकांत लिहिलेल्या वजनापेक्षां जास्त माल सोसावा म्हणून मागें जादा पाटे चढविण्याची चाल सर्वत्र आहे. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहींत, हें तर उघडच आहे. पण अनेक पिकअपांत मागच्या आंसाजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी आंसास जोडलेली असते. माल भरून सांगाडा खालीं बसला कीं त्या दांडीवरून व्हॉल्व्हास ओझें कळतें व तो मागच्या ब्रेकांस अधिक तेल सोडतो. जादा पाट्यांमुळें सांगाडा खालीं बसेनासा होतो. भरलेली गाडी व्हॉल्व्हास रिकामीच वाटते. मग मागचे ब्रेक अर्धपोटीं काम करितात, आणि दोन टनांचा सगळा रेटा पुढच्या दोन डिस्कांवर येतो. अशा गाडीच्या डिस्का वरचेवर जळतात यांत नवल काय? कित्येक ठिकाणीं ही दांडी मोडून पडलेली किंवा तारेनें बांधून ठेविलेली आढळते. गाडीखालीं वांकून ती शाबूत आहे कीं नाहीं एवढें प्रत्येकानें आजच पाहावें. पाटे चढविलेलेच असतील, तर व्हॉल्व्हाची योजना त्या उंचीस जुळवून घेण्यास जाणत्या कारखान्यांत सांगावें. तरीही जादा ओझ्याचें समर्थन यानें होत नाहीं.

ब्रेकचें तेल हवेंतली ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें तेल २०५ अंशांस उकळतें, ओल शोषलेलें १४० अंशांस. डॉट ४ जातीचे हेच आंकडे २३० व १५५ आहेत. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते आणि पेडल तळास जातें. दर दोन वर्षांनीं तें बदलावें. घाटांत थरथरीबरोबर पेडल नरम लागूं लागलें, तर गाडी बाजूस घेऊन निवूं द्यावी. बाजारभाव हुकला तरी चालेल.

हंगामांत गाडी उभी ठेवणें परवडत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. नारायणगांवचा टोमॅटो माळशेजमार्गें रात्रींत वाशीस पोंचावयाचा, तर सकाळीं कारागिराची वाट कोण पाहणार? म्हणून तारतम्य सांगतों. पेडल घट्ट आहे, गाडी सरळ थांबते, चाकांत खटखट नाहीं, आणि थरथर फक्त वेगांत होते, अशी गाडी कमी ओझ्यानें व कमी वेगानें थोडे दिवस चालविण्यास हरकत नाहीं. परंतु ब्रेक लावतांच गाडी एका अंगास ओढते, जळका वास येतो, एक चाक तापतें, चाक हालवितां सैल लागतें, किंवा थरथर एकाएकीं वाढली आहे, यांपैकीं एकही लक्षण दिसलें तर तिनें भरल्या मालासह घाट उतरूं नये. मागें मजूर बसवून तर मुळींच नेऊं नये. तें एरवींही नेऊं नयेच.

दुरुस्ती करवितांना डिस्कवर कोरलेली कमींत कमी जाडी पाहावी. लेथवर घासल्यावर ती तिच्याखालीं जाणार असेल, तर डिस्क घासूं न देतां बदलावी; पातळ डिस्क लौकर तापते व तडकूंही शकते. ड्रमवर याच्या उलट जास्तींत जास्त व्यास लिहिलेला असतो. डिस्क दोन्ही बाजूंच्या, व पॅडही दोन्ही बाजूंचीं, एकाच वेळीं घालावीं. नवीं पॅड घातल्यावर पहिल्याच दिवशीं घाटांत जाऊं नये. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगांतून १५ पर्यंत मध्यम दाबानें आठ-दहा वेळां वेग उतरवावा, पूर्ण थांबूं नये, मध्यें थोडें अंतर वाऱ्यावर जाऊं द्यावें. म्हणजे पॅडाचा थर डिस्कवर सारखा बसतो. आणि पावसाळ्यांत गाडी महिनोगणती उभी करावयाची असेल, तर सपाट जागीं, छपराखालीं, गिअरमध्यें, चाकांना दगड लावून व हँडब्रेक सोडून ठेवावी. आठवड्यास एकदां अंगणांतल्या अंगणांत चार हात पुढें-मागें करावी, म्हणजे लायनर ड्रमला चिकटून बसत नाहींत.